पश्चात्ताप की परतणे?

वेळापूरच्या अलीकडे, ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवर, वारकरी धावा करतात. तुकोबांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या उतारावर श्रद्धेची व्याख्या कुणी सांगत बसत नाही. पाय धावतात, एवढेच. ख्रिस्ती धर्मग्रंथाविषयी लिहिताना आम्हांला हा उतार आठवतो. मराठी बायबल वाचताना नेमके हे पायच हरवतात, असे आमचे मत आहे.

दोष एका शब्दापासून सुरू होतो. योहान आणि येशू या दोघांच्याही पहिल्या हाकेत मराठी भाषांतरे ‘पश्चात्ताप’ हा शब्द घालतात. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. तो मनात होतो आणि बहुधा मनातच शमतो. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ मन पालटण्याचा आहे. संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द ‘शूव’ तर सरळ मागे फिरण्याचा, परतण्याचा आहे. पश्चात्तापात डोळे ओले होतात. परतण्यात वाट बदलते.

हा शब्दच्छल नव्हे. आता करायचे तरी काय, असे लोक योहानाला विचारतात, तेव्हा तो त्यांना रडायला सांगत नाही, हे लूकच्या शुभवर्तमानात पाहावे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून अधिक उकळू नये, शिपायाने धाक दाखवून लुबाडू नये, अशी त्याची उत्तरे आहेत. जक्कयाचे पालटणेही हिशेबात मोजता येते : अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेले चौपट परत.

यावर आक्षेप ठरलेला आहे. तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे. याच आग्रहापायी मार्टिन लूथरने १५२२ साली याकोबाच्या पत्राला गवती पत्र म्हणून बाजूस सारले. पण ज्या पौलाचा आधार लूथर घेतो, तो पौलही प्रेमातून कामाला लागणाऱ्या विश्वासालाच मोल देतो. कृपा म्हणजे काही न करण्याचा परवाना, हा अर्थ दोघांपैकी एकाचाही नाही.

महाराष्ट्रात हा ग्रंथ जगून वाचणारी माणसे झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या निराधार मुली केडगावला आणल्या. हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्याचे त्यांचे काम त्या मुक्तिसदनातच तडीस गेले. आधी घर, मग ग्रंथ. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तेथे ते थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही सामावणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी उभारू पाहिला. लक्ष्मीबाईंच्या मनातली सोवळ्याची भिंत तर बाप्तिस्म्याआधीच पडली होती. ‘स्मृतिचित्रे’ त्याची साक्ष देतात.

आमच्या समीक्षेने मात्र टिळकांना फुलामुलांचे कवी करून ठेवले आणि ‘स्मृतिचित्रे’ विनोदासाठी वाचली. चर्चनेही वेगळे काय केले? रविवारी एका बाकावर बसणारी माणसे सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पश्चात्ताप करतात. ताप वारंवार होऊ शकतो. परतणाऱ्याला मात्र जुनी वाट सोडावीच लागते.

हे आम्ही केवळ ख्रिस्ती वाचकांना सुनावत नाही. वेळापूरचा उतार धावून गेलेले पायही घरी आल्यावर जुन्याच उंबऱ्यापाशी थबकतात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ग्रंथ कोणताही असो, तो वाचल्याची खूण आम्ही डोळ्यांत शोधणार नाही. कालपर्यंत ज्याला ओसरीवर वरून पाणी वाढले, त्याला आज स्वयंपाकघरात आपल्या पंक्तीला बसवले का, एवढेच विचारू.