पडद्यावरील भूत आणि घरातील रात्र



गेल्या पावसाळ्यात सौंसरकडील एका खेड्यातून एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातेसह सायंकाळच्या सुमारास माझ्याकडे आले. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीची झोप आठ दिवसांपासून उडाली होती. ती दिवा मालवू देत नव्हती, न्हाणीत एकटी जात नव्हती. तिची अन्नावरची वासना गेली होती आणि मध्यरात्री ती किंचाळून उठत होती. आजीचे निदान ठाम होते. ती म्हणाली, "फादर, पोरीले बाहेरची हवा लागली. तुमी येऊन मंत्र म्हना, भूत काढून द्या." (ही हकीकत मी मुलीच्या आईवडिलांच्या अनुमतीने लिहीत आहे.)

मी त्या घरी गेलो. सर्वांनी मिळून प्रार्थना केली. नंतर मुलीला जवळ बसवून विचारले, "बाळ, मोबाइलवर काही पाहिलेस काय?" बराच वेळ तिने मान वर केली नाही. मग हळूहळू सर्व बाहेर आले. चुलतभावाच्या मोबाइलवर, गोधडीत तोंड खुपसून, तिने एक विलायती भयपट हिंदी आवाजात पाहिला होता. त्यात सैतानाने झपाटलेली तिच्याच वयाची एक मुलगी होती आणि तिला सोडविण्यास एक धर्मगुरू येतो. "पण फादर," ती म्हणाली, "त्यातला फादर पण मरते."

वाचकहो, या वाक्याने मी निरुत्तर झालो. त्या लेकराला भूत दिसले एवढेच नव्हते. भुतापासून जो राखील असे तिला वाटत होते, तोही तिच्या डोळ्यांदेखत पडला होता.

मुलांना दोष देण्यापूर्वी मला माझेच बालपण आठवते. त्या काळी सणासुदीला भाड्याने रंगीत टीव्ही व व्हिडिओ आणून रात्रभर चित्रपट दाखवीत. अशाच एका रात्री, कुणाच्या तरी अंगणात, मी रामसे बंधूंचा १९८४ सालचा 'पुराना मंदिर' पाहिला. त्यातील सामरी नामक राक्षसाने माझा पुढील महिनाभर पिच्छा पुरविला. रात्री परसाकडे जाण्याची पाळी आली की मी धाकट्या भावाला लाच म्हणून बोरे देत असे. सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हाच कळले असते तर माझी बोरे वाचली असती!

विनोद बाजूस ठेवू. भय हा केवळ मनाचा खेळ नव्हे. पडद्यावरील किंकाळी ऐकताच मेंदूतील बदामाएवढा एक भाग विचारशक्तीच्या आधी जागा होतो आणि देहाला संकटाची वर्दी देतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात, अंगावर काटा उभा राहतो. 'हे खोटे आहे' हा विचार त्यामागून चालत येतो. प्रौढ मनुष्याजवळ तो लवकर पोचतो, लहान मुलाजवळ पुष्कळदा पोचतच नाही.

भीतीने रक्त गोठते असे आपण म्हणतो. नेदरलँड्समधील लायडन येथील वैद्यांनी ही म्हण खरीच तपासून पाहिली. २४ निरोगी तरुणांना त्यांनी एक भयपट आणि एक साधा माहितीपट दाखविला व प्रत्येक वेळी रक्त तपासले. भयपटानंतर रक्त गोठण्यास साहाय्य करणारा एक घटक वाढलेला आढळला, प्रत्यक्ष गुठळी मात्र धरली नाही. हा शोध २०१५ साली प्रसिद्ध झाला.

मनाची कथा याहून लांब चालते. 'द एक्झॉर्सिस्ट' हा चित्रपट १९७३ च्या अखेरीस अमेरिकेत झळकला. तो पाहिल्यावर ज्यांना निद्रानाश व तीव्र भयाने ग्रासले अशा चार रुग्णांची हकीकत एका मानसोपचारतज्ज्ञाने १९७५ साली वैद्यकीय नियतकालिकात दिली. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बीबीसीने एक कल्पित भुताटकी प्रत्यक्ष घडत असल्याच्या थाटात दाखविली. तिच्या धक्क्याने आजारी पडलेल्या दोन दहा वर्षांच्या मुलांची नोंद पुढे ब्रिटिश वैद्यकपत्रात झाली. १९९९ सालच्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे दीडशे विद्यार्थ्यांपैकी दहांतील नऊ जणांनी सांगितले की, कधी तरी अशा एखाद्या दृश्याचे भय आपल्या मनात टिकून राहिले होते. सुमारे एकचतुर्थांशांच्या मनातून ते अद्याप गेले नव्हते.

सर्वांनाच अपाय होतो असे मात्र मी म्हणणार नाही. महामारीच्या काळात भयपटांचे शौकीन इतरांपेक्षा कमी खचले, असेही २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. धडधाकट प्रौढाने स्वेच्छेने भिऊन घ्यावे, हसावे व घरी जावे. त्याविषयी माझी तक्रार नाही.

परंतु आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात प्रश्न निराळा आहे. शहरातील मुलाला भूत पडद्यावर भेटते. आपल्या मुलाला ते चकव्याच्या गोष्टींतून, नदीकाठच्या चिंचेवरून, शेजारणीच्या कुजबुजीतून आधीच ठाऊक असते. रात्रीच्या विजेवर संत्र्याच्या बागेला पाणी देण्यास बापासोबत गेलेला मुलगा तेच भूत अंधारात शोधतो. शिवाय बाधा झाली असे मानलेल्या माणसांना जामसावळीच्या हनुमान मंदिरात दुरून आणलेले आपण पाहतो. त्यांच्या श्रद्धेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, मी माझ्याच अंगणाविषयी बोलतो. आपल्याकडे चित्रपटाचे भय चटकन 'बाधा' हे नाव घेते, आणि एकदा नाव पडले की मुलीलाही ते खरे वाटू लागते.

आजीला मी स्पष्ट सांगितले की, अपदूत काढण्याचा विधी मी करणार नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ११७२ सांगते की बिशपांच्या विशेष व स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूला तो करता येत नाही. आणि हा आजार तर नव्हे, याची खात्री आधी करणे आवश्यक असते. याबाबतीत हयगय झाली तर काय होते, हे जर्मनीत दिसले. ॲनेलिझे मिशेल या फेपऱ्याचे उपचार घेतलेल्या तरुणीवर १९७५-७६ मध्ये ६७ वेळा असा विधी झाला. अन्नपाण्यावाचून १ जुलै १९७६ रोजी वयाच्या २३ व्या वर्षी ती मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील व दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्याबद्दल दोषी ठरविले. त्यावरूनही पुढे २००५ साली भयपटच निघाला.

मग करावे काय? पाचसहा वर्षांच्या मुलाला 'ते खोटे आहे रे' असे सांगून फारसा उपयोग होत नाही. त्याला कुशीत घ्यावे, पाणी पाजावे, हाती काही खायला द्यावे. पुनरुत्थित प्रभूला भूत समजून शिष्य घाबरले, तेव्हा त्यानेही आपले हातपाय चाचपून पाहा म्हटले आणि त्यांच्यादेखत भाजलेली मासळी खाल्ली. थोड्या मोठ्या मुलाला मात्र युक्ती उलगडून दाखवावी. मी त्या मुलीला सांगितले की, 'द एक्झॉर्सिस्ट'मधील गरगर फिरणारी मान बाहुलीची होती आणि ती हिरवी ओकारी म्हणजे वाटाण्याचे सार. ती प्रथमच हसली. तिला रागावू नये, चिडवू नये आणि मोबाइल रात्री मोठ्यांच्या उशाशी राहावा, एवढे मी घरच्यांना बजावले. दोनतीन आठवड्यांत उतार न पडल्यास तिला डॉक्टरांकडे न्यावे, अथवा १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा, तेथे मनाच्या दुखण्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो, हेही सांगितले.

महिन्याभराने पुन्हा त्या घरी जाणे झाले. मुलगी शाळेत गेली होती. आजीने चहा पुढे केला आणि तक्रार मांडली, "आता माह्याजवळच झोपते, फादर. पन दिवा काई विझू देत नाई, अन् रातभर थंडगार पाय मलेच लावते."