डॅशकॅमचा दिवा चालू, पण रेकॉर्डिंग गायब: दोष कॅमेऱ्याचा की मेमरी कार्डचा?

ऑगस्ट २०२५ मधला नागपूर-जबलपूर महामार्गावरचा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ट्रकच्या धडकेत बायको गेली, मदतीला कुणी थांबलं नाही, आणि नवरा तिचा मृतदेह मोटरसायकलला बांधून घेऊन निघाला. ट्रकचा नंबर त्याला दिसला नव्हता. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढंच त्याला सांगता आलं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही फुटेज एआयच्या मदतीने चाळलं आणि साधारण दीड दिवसात ट्रक शोधून काढला.

तपास जोरदार झाला, यात शंका नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कॅमेरे टोलनाक्यावर होते, अपघाताच्या जागी नव्हते. दोन टोलनाक्यांमधल्या रस्त्यावर काय घडलं, हे बहुतेक वेळा फक्त तिथून जाणाऱ्या गाड्यांनाच दिसतं. म्हणजे त्यांच्या काचेवर लावलेल्या डॅशकॅमला.

आता आपल्या कारंजाकडे या. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) नव्हे, वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे). नागपूर-अमरावती रस्त्यावरचं हे गाव. जुना हायवे नंबर ६, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३. सुरतपासून कोलकात्याच्या दिशेने जाणारी अवजड वाहतूक, संत्र्याच्या पिकअप, एसटी आणि शेताकडे निघालेल्या दुचाक्या, सगळे एकाच रस्त्यावर. इथे गाडी चालवणाऱ्याने डॅशकॅम लावणं ही आता हौस राहिलेली नाही.

अडचण पुढेच आहे. कॅमेरा बसवला की आपण तो विसरून जातो. दिवा लुकलुकतो, स्क्रीनवर रस्ता दिसतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी कार्ड काढून बघावं, तर शेवटची फाइल तीन महिन्यांपूर्वीची.

नंबर मिळाला नाही तर काय होतं?

धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर केंद्राच्या हिट अँड रन योजनेतून भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. गाडी सापडली तर मात्र तिच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तिथे मृताचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं हे सगळं धरून रक्कम ठरते. कमावत्या तरुण माणसाच्या बाबतीत ती २ लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते.

म्हणजे एका नंबर प्लेटच्या चार सेकंदांच्या क्लिपवर एखाद्या घराची पुढची काही वर्षं अवलंबून असू शकतात. आणि ती क्लिप साठते नखाएवढ्या कार्डात, जे निवडताना आपण दुकानात दोन मिनिटंही घालवत नाही.

कार्ड लवकर का मरतं? जरा हिशेब करू

फुल एचडी डॅशकॅम साधारण १५ मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने लिहितो असं धरा. म्हणजे सेकंदाला २ एमबीपेक्षा थोडं कमी, आणि तासाला पावणेसात जीबी. ३२ जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं. मग कॅमेरा सगळ्यात जुनी फाइल पुसून तिच्यावर नवी लिहितो. यालाच लूप रेकॉर्डिंग म्हणतात.

भाड्याची गाडी दिवसाला आठ तास चालली तर रोज ५४ जीबी लिहिलं जातं. वर्षाला ३०० दिवस धरले तर ते ३२ जीबीचं कार्ड पाचशेहून जास्त वेळा पूर्ण पुसून पुन्हा भरलं जातं. तुमच्या फोनमधलं कार्ड वर्षात एकदा तरी पूर्ण भरून रिकामं होतं का? नाही ना. साध्या कार्डातल्या मेमरीचा प्रत्येक कप्पा काही शे ते हजारेक वेळाच नीट लिहिता येतो. त्यामुळे फोनमध्ये वर्षानुवर्षं टिकणारं कार्ड डॅशकॅममध्ये वर्ष-दीड वर्षात मान टाकतं. म्हणूनच साध्या कार्डाच्या वॉरंटीत अनेक कंपन्या डॅशकॅमचा वापर धरतच नाहीत. बारीक अक्षरातला तो मजकूर एकदा वाचा.

आता तेच काम १२८ जीबीच्या कार्डाला दिलं, तर वर्षात ते फक्त सव्वाशेच्या आसपास वेळा भरतं. म्हणजे मोठं कार्ड घेतल्याने जागा वाढते आणि आयुष्यही वाढतं.

जागेचं गणित आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. पुढे-मागे दोन कॅमेरे असतील तर ३२ जीबीत सव्वादोन-अडीच तासांचंच रेकॉर्डिंग मावतं. नागपूरहून निघालात, कोंढाळीजवळ काही घडलं, तुम्ही कारंजा, अमरावती करत अकोल्याला पोचलात, तर कोंढाळीची क्लिप वाटेतच पुसली गेलेली असेल.

कोणतं कार्ड घ्यायचं?

दुकानदार पाकिटावरचा मोठा आकडा दाखवतो, "१५० एमबी स्पीड आहे बघा". तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. डॅशकॅमला लिहिण्याचा वेग लागतो, तोही सतत आणि थोडाच. म्हणून पाकिटावर हे बघा:

- एंड्युरन्स हा शब्द. 'हाय एंड्युरन्स' किंवा 'मॅक्स एंड्युरन्स' लिहिलेली कार्डं सतत रेकॉर्डिंगसाठीच बनवलेली असतात. सगळ्यात आधी हेच बघायचं.
- यू३ किंवा व्ही३०. म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ३० एमबी. फुल एचडीला यू१ किंवा व्ही१० पुरतं. फोरके किंवा दोन कॅमेरे असतील तर व्ही३० घ्या.
- ए१, ए२ कडे दुर्लक्ष करा. ते फोनमध्ये ॲप चालवण्यासाठीचं रेटिंग आहे. त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.
- कॅमेऱ्याची मर्यादा. तुमचा कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबी घेतो ते मॅन्युअलमध्ये बघा. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, जुने कॅमेरे ती ओळखत नाहीत.
- नकली कार्ड. ५१२ जीबी फारच स्वस्तात मिळत असेल तर ते ५१२ नसतंच. आत ३२ जीबी असतं आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. घेतल्या दिवशीच कॉम्प्युटरवर 'एच२टेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा.

रेकॉर्डिंग बिघडलंय? आधी हे बघा

'कार्ड फुल' येतंय. लूप चालू असूनही असं होतं, तेव्हा दोषी बहुधा जी-सेन्सर असतो. धक्का बसला की कॅमेरा ती फाइल लॉक करतो, म्हणजे ती आपोआप पुसली जात नाही. आपल्याकडे गावात शिरताना लागणारे स्पीड ब्रेकर आणि खड्डे त्याला अपघातच वाटतात. हळूहळू सगळं कार्ड लॉक केलेल्या फाइल्सनी भरतं आणि नव्याला जागा उरत नाही. सेटिंगमध्ये सेन्सर 'लो' करा, पार्किंग मोडची गरज नसेल तर तो बंद ठेवा.

शेवटची क्लिप उघडतच नाही. धडकेत वीज तुटली की फाइल नीट बंद होत नाही. त्या क्षणी कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी उपयोगी पडते. पण उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड किती तापतो ते तुम्हाला सांगायला नको. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, बंद काचेआड तर विचारूच नका. त्या उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते. नवा कॅमेरा घेताना बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. आणि क्लिपची लांबी एक मिनिट ठेवा, म्हणजे बिघडली तरी एकच फाइल बिघडेल.

तारीख चुकीची येते. आतली बॅटरी गेली की घड्याळ मागे जातं. अपघात मेमधला आणि व्हिडिओवर जानेवारी, मग समोरचा वकील सगळ्यात आधी तेच विचारणार. जीपीएस असेल तर टाइमझोन अधिक ५:३० आहे का तेही बघा.

फोनला वायफायने जोडलं, पण व्हिडिओ दिसत नाही. मोबाइल डेटा बंद करा. कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन ते सोडून परत डेटावर जातो. आणि कार्ड थेट फोनमध्ये घातल्यावर 'फॉरमॅट करा' असा मेसेज आला तर ओके दाबू नका. सगळं पुसलं जाईल.

कोर्टात कोणता व्हिडिओ चालतो?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २०१४ ची जालना विधानसभा निवडणूक २९६ मतांनी ठरली आणि वाद कोर्टात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा मुद्दा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर आला. १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं: मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर ठीक, पण नुसती कॉपी देणार असाल तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि आता त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइल जराशी बदलली तरी ठसा बदलतो.

इथेच आपण घोळ घालतो. क्लिप व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते. ती मूळ फाइल राहत नाही, नंबर प्लेटही धूसर होते. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

म्हणून अपघात झाला, किंवा तुमच्यासमोर दुसऱ्याचा झाला, तर जखमींना मदत केल्यावर लगेच रेकॉर्डिंग थांबवा. कार्ड काढा, पाकिटात ठेवा, त्या कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घाला. मूळ कार्डावरचं काही पुसू नका, कापू नका, नाव बदलू नका. पोलिसांना कार्ड दिलं तर पोच घ्या.

दर महिन्याला पाच मिनिटं

महिन्याच्या एक तारखेला, पेट्रोल भरून झालं की एवढं करा. कालची क्लिप उघडून बघा. तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो का बघा. हवं ते कॉपी करून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. रोज चालणाऱ्या गाडीत साधं कार्ड दरवर्षी बदला.

महामार्गावर सरकारने आणखी कॅमेरे लावायला हवेत, ही मागणी रास्तच आहे. ते लागेपर्यंत कारंजा ते कोंढाळी मधल्या एखाद्या वळणावर काय घडलं, याचा साक्षीदार तुमची गाडी असू शकते. तिच्यातलं कार्ड चालू आहे की नाही, हे आज संध्याकाळीच तपासून घ्या.