शून्य तक्रारींचे प्रशस्तिपत्र

महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल सहसा कुणी वाचत नाही. निकालाची टक्केवारी, नव्या इमारतीची कोनशिला आणि पाहुण्यांची नावे एवढ्यावर नजर फिरवून तो मिटला जातो. लैंगिक छळाच्या तक्रारींपुढे शून्य लिहिलेले असले की संस्थाचालकांना समाधान वाटते आणि पालकांनाही. या शून्याचे अर्थ मात्र दोन होतात. एक, तसे काही घडले नाही. दुसरा, घडलेले सांगण्याची कुणाची छाती झाली नाही. दुसरा अर्थ तपासून पाहण्याची तसदी ना संस्था घेते, ना विद्यापीठ, ना, स्पष्टच बोलायचे तर, आपण.

मौनाचा सोयीस्कर अर्थ लावण्याची ही खोड जुनी आहे. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा नावाच्या आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, एवढ्यावरून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती गृहीत धरली आणि आरोपी सुटले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये न्यायालयाला उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सवय बदलली का, हा प्रश्न तालुक्याच्या गावी जाऊन विचारावा लागतो.

अकोटचेच उदाहरण घेऊ. येथील कोणत्याही एका संस्थेवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. अकोटविषयी जे खरे आहे ते दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा येथेही खरे आहे. मुंडगाव, पणज, पोपटखेड, चोहोट्टा अशा गावांतून मुली एस.टी.ने शिकायला येतात. कुणाच्या बापाची चार एकर कोरडवाहू पऱ्हाटी, कुणाची आई निंदणाच्या मजुरीवर. अशा घरातली ती बहुधा पहिलीच पदवीपर्यंत पोचणारी मुलगी. तिला वाटेत कुणी अडवले, प्रयोगशाळेत कुणी अंगाशी आले, तर ती का बोलत नाही? संकोचाने, असे उत्तर शहरी व्याख्याते देतात आणि निर्भय होण्याचा उपदेश करून परत जातात. खरे कारण संकोच नव्हे, हिशेब आहे. तक्रारीची कुणकुण घरी लागली की पहिला निकाल तिच्याच विरुद्ध लागतो : उद्यापासून कॉलेज बंद. पुढच्या उन्हाळ्यात लग्न. छळ करणारा तिसऱ्या वर्षाला जातो आणि ती दुसऱ्या वर्षातच संपते. ज्या व्यवस्थेत तक्रारीची शिक्षा तक्रारदाराला होते, तेथे गप्प राहणे हाच शहाणपणा ठरतो. त्या मुलीला भित्री म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कायदा नाही असे मुळीच नाही. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती अनिवार्य केली. अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री, एक सदस्य बाहेरचा, चौकशी नव्वद दिवसांत. विद्यार्थ्यांसंबंधीच्या प्रकरणात विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी असावेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तायादीवरून नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, तरी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. निवडणुकीची सवयच मोडलेल्या महाविद्यालयात हे तीन प्रतिनिधी प्राचार्यांच्या पसंतीचे नसतील याची हमी कोण देणार? आणि बाहेरचा सदस्य संस्थेच्याच संचालकांच्या बैठकीतला असेल, तर तो बाहेरचा कसा?

आणखी एक फट आहे. संस्थेने पुरवलेले वाहन विनियमांनी आवाराच्या व्याख्येत घेतले. पण खेड्यातली मुलगी येते ती सरकारी एस.टी.ने. फाटकाबाहेरचे आमचे नव्हे, असे महाविद्यालय म्हणते, आणि हद्दीचा वाद ठाण्यात सुरू होतो. वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने हद्द न पाहता नोंदवलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्वच्छ लिहिले आहे. एस.टी. स्टँडवर हे किती मुलींना ठाऊक आहे?

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर चौकात पेटवून देण्यात आले. आठवड्याने ती गेली. वृत्तपत्रांनी त्याला ‘एकतर्फी प्रेम’ म्हटले. जाळणाऱ्याला प्रियकराची पदवी देणारा हा शब्द आपल्या पत्रकारितेने केव्हाच टाकून द्यायला हवा होता. फाशीच्या घोषणा झाल्या, शक्ती विधेयक विधिमंडळात मंजूरही झाले, पण राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला : पाठलाग सुरू होतो त्या दिवशी मुलीने कुणाकडे जावे?

अमेरिकेत १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. आधीच्या गुन्ह्यांची माहिती आपल्याला कुणी दिली नव्हती, हे तिच्या आईबापांना नंतर कळले. त्यांच्या लढ्यातून १९९० मध्ये कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने आवारातल्या आणि लगतच्या रस्त्यावरच्याही गुन्ह्यांचे तीन वर्षांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचे. तेथेही लपवाछपवी चालतेच. २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला. पण दंड झाला तो लपवल्याबद्दल, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे तक्रारींची संख्या आयोगाला कळवायची असते. मुलींना आणि पालकांना कळवण्याचे बंधन कुणाला जाणवत नाही.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. दहा हजारांच्या विद्यापीठात आकडा हा आकडाच राहतो. पाचशेच्या महाविद्यालयात ‘एक तक्रार’ एवढे फलकावर लागले की संध्याकाळपर्यंत गावाला नाव कळते, आणि नाव उघड करणे कायद्यानेच मना आहे. म्हणून लहान महाविद्यालयांनी तीन वर्षांचे आकडे एकत्र द्यावेत, किंवा तालुक्यातील सर्व महाविद्यालयांचे एकत्रित आकडे विद्यापीठाने प्रसिद्ध करावेत. घटना कोठे घडल्या, स्टँडवर, रस्त्यावर की वर्गात, आणि निकाल किती दिवसांत लागला, एवढे त्यात असावे. नावाची गरज नाही.

नियमाने चालणारी चौकशी आरोपीलाही हवी असते. चौकशीच होत नाही तेथे दलित वस्तीतला पोरगा संशयावरून मार खातो आणि संचालकाचा भाचा समज देऊन सुटतो. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हे विसरू नये.

नवे सत्र सुरू होताच आपल्या शाखांनी प्राचार्यांना भेटून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : समितीच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का, विद्यार्थी प्रतिनिधी कोणत्या तारखेला आणि कसे निवडले गेले, आणि तक्रार केलेल्या मुलीचे शिक्षण पुढे चालू राहिले का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच रकान्यात सापडणार नाही. त्यासाठी तिच्या गावी जावे लागेल, आणि तिच्या बापाशी बोलावे लागेल.