दुभत्या गाईच्या लाथा

'दुभत्या गाईच्या लाथा गोड' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. गाय भरपूर दूध देत असेल तर तिच्या दोन लाथा मालक मुकाट्याने सोसतो. व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नाही. पण हाच हिशेब आपण नामवंत माणसांना लावतो, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. गाईचे दूध जो पितो तोच तिची लाथ खातो. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र दूध सगळा समाज पितो आणि लाथ बसते एखाद्या बाईला. वर ती लाथ तिने गोड मानून घ्यावी, असा आपलाच आग्रह!

ही गोष्ट आहे १९८८ सालची. पंजाब दहशतवादाने होरपळत होता. त्याच वर्षी मे महिन्यात सुवर्णमंदिरातल्या 'ऑपरेशन ब्लॅक थंडर'मुळे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. १८ जुलैला चंदीगडमध्ये एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी होती. पाहुण्यांमध्ये रूपन देओल बजाज होत्या. त्या भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकारी, पंजाबच्या वित्त खात्यात विशेष सचिव. त्यांचे पतीही त्याच सेवेत. चारचौघांत गिल यांनी आपल्याशी असभ्य वर्तन केले, पार्श्वभागावर चापट मारली, अशी त्यांची तक्रार होती. गिल यांनी हा आरोप नाकारला.

आता विचार करा. शिक्षण, हुद्दा, पतीची साथ, सारे काही असलेली ही बाई. तिची दाद लगेच लागायला हवी होती. पण वरिष्ठांपासून थेट राज्यपालांपर्यंत गाऱ्हाणे नेऊनही काही झाले नाही, म्हणून २९ जुलैला त्यांनी पोलिसांत फिर्याद दिली. पुढच्या वर्षी, मे १९८९ मध्ये, उच्च न्यायालयाने ती फिर्यादच रद्द केली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ९५वे कलम होते. सामान्य समजुतीचा माणूस जिच्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा हा गुन्हा नव्हे, असे ते सांगत असे. त्याचाही आधार तेव्हा घेतला गेला. त्याच १९८९ साली गिल यांना पद्मश्री मिळाली.

बजाजबाई थांबल्या नाहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न क्षुल्लक म्हणून झटकता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. जानेवारी १९९६ मध्ये चंदीगडच्या न्यायालयाने गिल यांना दोषी ठरवून तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. अपिलात तुरुंगवास टळला, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली, पण दोष कायम राहिला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. एका चापटीचा निकाल लागायला सतरा वर्षे! नुकसानभरपाईची रक्कम बाईंनी स्वतःसाठी घेतली नाही. गिल यांची पद्मश्री कायम राहिली आणि भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्षपद २००८ पर्यंत त्यांच्याकडेच होते.

या सगळ्या काळात लोकांच्या तोंडी एकच वाक्य होते. ज्याने पंजाब वाचवला त्याला एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला छळायचे? पंजाबात शांतता आणण्यात गिल यांचा वाटा मोठा होता, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतील. पण त्या ऋणाची फेड करायची तर साऱ्या देशाने करावी. ती एकट्या रूपन बजाज यांच्या खात्यातून का वळती करायची? ज्याला इजा झाली त्यानेच माफ करायचे असते. दुसऱ्याच्या वतीने उदार होणे फार सोपे असते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. १९९३ मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी संपादक एम. जे. अकबर आपल्याशी गैर वागले, असे पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. अकबर तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होते. त्यांनी आरोप नाकारले, पद सोडले आणि रमाणींवर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. म्हणजे पिंजऱ्यात उभी राहिली ती तक्रार करणारी! फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. समाजात मानाचे स्थान असलेला पुरुषही असे वागू शकतो आणि स्त्री आपले गाऱ्हाणे अनेक वर्षांनंतरही मांडू शकते, असे न्यायालयाने म्हटले. अकबर यांनी त्याविरुद्ध अपील केले.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. रमाणी पंचवीस वर्षांनी बोलल्या, तर लोक म्हणाले, 'इतकी वर्षे गप्प का होती?' बजाजबाईंनी अकराव्या दिवशी फिर्याद दिली, तर ऐकावे लागले, 'एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ!' म्हणजे अडचण वेळेची नव्हतीच. बाई गरीब असली तर ती पैशांसाठी बोलते, सुस्थितीतली असली तर प्रसिद्धीसाठी. टाळी एका हाताने वाजत नाही, हे तर ठरलेलेच. शंका आधी तयार असते, कारण मागाहून शोधले जाते.

असे का होते? नामवंत माणसाचा चेहरा आपण वर्षानुवर्षे पाहतो. तो घरातलाच वाटू लागतो. ती बाई मात्र आपल्याला पहिल्यांदा दिसते ती तक्रार करताना. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर आपण ज्याला डोक्यावर घेतले त्याला खाली उतरवावे लागते, आपली पारख चुकली असे कबूल करावे लागते. तिच्यावर संशय घेतला तर आपले काहीच जात नाही. मग माणूस स्वस्त सौदा पत्करतो.

प्रत्येक आरोप खराच असतो, असे कोणी म्हणत नाही. आरोपीला बाजू मांडण्याचा हक्क आहेच आणि खऱ्याखोट्याचा निवाडा पुराव्यावरच व्हायला हवा. पण चौकशी वेगळी आणि चौकशीच होऊ न देणे वेगळे. 'तो किती मोठा आहे' हे उत्तर 'त्याने हे केले का' या प्रश्नाचे होऊ शकत नाही.

आणि नामवंत काय फक्त वर्तमानपत्रातच असतात? घराला आधार देणारे काका, मुलांना पदके मिळवून देणारे क्रीडाशिक्षक, गावाला देणगी देणारे शेठजी, हेही आपापल्या वर्तुळात 'दुभते'च असतात. उद्या घरातली मुलगी त्यांच्यापैकी कोणाचे नाव घेऊन काही सांगू लागली, तर 'अगं, त्यांचे केवढे उपकार आहेत आपल्यावर' हे शब्द ओठांवर येतील. ते गिळून तिचे पूर्ण ऐकून घ्या. नोकरीच्या ठिकाणी तक्रार समितीसाठी २०१३ चा कायदा आहे, अल्पवयीनांसाठी २०१२ चा 'पॉक्सो' आहे. पण कायद्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी मुलीला घराचे दार ओलांडावे लागते. ते आतून बंद असेल, तर ती जाणार कुठे? काकांचे उपकार जरूर फेडा, पण स्वतःच्या खिशातून. मुलीच्या वाट्याचे त्यात घालू नका.