रडक्या कादंबऱ्या कशाला वाचायच्या?



'एखादी चांगली कादंबरी सुचवा' असं कुणी म्हटलं की मी तीन नावं सांगते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "अगंबाई, त्या तर रडक्या! घरात काय कमी कटकटी आहेत, की दुपारच्या तासाभरातही तेच वाचायचं?"

विचारणं रास्त आहे. पण रडायची वेळ नेमकी कुणामुळे आली, हे या कादंबऱ्या दाखवतात. म्हणून मला त्या आवडतात.

पहिली, ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!'. 1890 पासून ती 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःची हकिकत सांगते. नवरा तिला शिकवतो, मुंबईत सुखाचे दिवस येतात. तो गेल्यावर सासरची माणसं तिचं केशवपन करवतात. हे दैवाने केलेलं नाही, घरातल्या माणसांनी ठरवून केलेलं आहे.

दुसरी, उद्धव शेळके यांची 'धग' (1960). कौतिकचा नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण संसार ओढते ती. पुढे त्याला महारोग होतो. भाषा वऱ्हाडी आहे. सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा, कानाला सवय होते.

तिसरी, श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' (1962). कोकणातल्या या आईला लेखकाने नावच दिलेलं नाही. नवरा घर सोडून गेलेला, आणि हिला एकच ध्यास, मुलगा शिकला पाहिजे.

मी कॉमर्सची, त्यामुळे कादंबरीतही पैसा कुणाच्या हातात आहे ते आधी बघते. बाईच्या कष्टाची नोंद या तिन्ही घरांत कुणीच ठेवत नाही.

आज आपल्याकडे केशवपन नाही. पण मुलीचं शिक्षण कुठे थांबवायचं, विधवा जाऊबाईंनी लग्नात पुढे यायचं की नाही, हे अजूनही घरात बसून ठरतं. आणि ठरवणाऱ्यांत आपणही असतो, निदान गप्प बसून. यमू वाचलेल्या बाईला तसं गप्प बसणं जड जातं, असं माझं मत आहे.

सुरुवात 'रथचक्र'ने करा. वाचनालयात मिळेल. सुनेला किंवा लेकीलाही वाचायला द्या, आणि मग दोघी मिळून बोला, "तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" उत्तर आपल्याला आवडेलच असं नाही, तरीही ऐका.