मोजणी झाली, सांगणार कोण?

दरवर्षी इंटर्नशिपची मुले खेडोपाडी येतात. घरोघर फिरून प्रश्नावली भरतात, अहवाल देतात आणि पुढच्या पोस्टिंगला निघून जातात. विड्यांचे सूप बाजूला ठेवून ज्या बाईने अर्धा तास उत्तरे दिली, तिला त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. असे अहवाल मीही सही करून फायलीत लावले आहेत.

एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये २०२१च्या नियमांनुसार १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ पासून दोन महिन्यांच्या विद्यार्थी-संशोधनाची योजना चालवली. म्हणजे सोय आहे. पण खोकल्याचे रुग्ण किती, एवढ्यावरच आपण थांबतो. त्यांना उपचार का मिळत नाहीत, हा धोरणाचा प्रश्न राहून जातो.

सिन्नरच्या विडी कामगार महिलांचेच पाहा. त्यांच्या कल्याणासाठी १९७६च्या कायद्याने विडीवर उपकर होता. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो रद्द झाला. आज पाठदुखी, दम घेऊन ती बाई कुठे जाते? कामगार म्हणून तिच्याकडे कार्ड आहे का? औषधाला पदरचे किती जातात? हे शोधायला महागडी यंत्रे लागत नाहीत. चार विद्यार्थी आणि १२ आठवडे पुरतात.

शोधलेले सांगायचे कसे, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. बालमृत्यूंची सरकारी नोंद किती अपुरी आहे, हे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या अहवालाने दाखवले. त्याचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. ते वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. वृत्तपत्रांनी विषय उचलला, विधिमंडळात चर्चा झाली आणि सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. आकडे पक्के होते आणि भाषा लोकांची होती, दोन्ही लागतात.

माध्यमांकडे जाताना पथ्येही हवीत. रुग्णाचे नाव, फोटो बाहेर जाता कामा नये. चाळीस घरांची पाहणी म्हणजे सगळा तालुका नव्हे, हे बातमीतही स्पष्ट हवे. आणि निष्कर्ष आधी वस्तीला, मग आरोग्य अधिकाऱ्यांना, त्यानंतर वार्ताहराला.

पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासात बुडालेल्या मुलांना आणखी काम कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांची ओढाताण मी रोज पाहतो. म्हणून जादा काम नको. आहे त्याच अहवालाला मराठीतले एक पान जोडा आणि ते वस्तीत वाचून दाखवा. ते झाल्याशिवाय आम्ही मार्गदर्शकांनी सही करू नये. सुरुवात माझ्यापासून.