कारण : ताप

आमच्या खात्याला पूर्वी पर्सोनेल म्हणत, आता एच.आर. म्हणतात. नाव बदललं तरी निम्मा दिवस रजेच्या अर्जांतच जातो. भोसरीच्या एका कारखान्यात मी हे काम बरीच वर्षं करते आहे, आणि लोकांना वाटतं तितकं ते रुक्ष नाही. करमणूक भरपूर.

पुरुषांचे अर्ज म्हणजे तर कथासंग्रहच. एकाची आजी माझ्या देखत तीनदा वारली. तिसऱ्या खेपेला मी नुसतं वर बघितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, ही आईकडची." तापाचंही तसंच. आमच्याकडे ताप डासांमुळे येत नाही, जत्रेमुळे येतो. चैत्र लागला की ज्या गावची जत्रा, त्या गावची पोरं एकदम आजारी. मृगाचा पाऊस झाला की ज्यांची शेती आहे ते आजारी. सुपरवायझर हे ताप आधीच कॅलेंडरात मांडून पाळ्या लावतो. कोणी कोणाला फसवत नाही, दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असतं. खरं सांगायचं तर मला हे आवडतंसुद्धा.

बायकांचे अर्ज मात्र नीरस. ताप. डोकेदुखी. अशक्तपणा. पण मैत्रिणींनो, तारखा बघा म्हणजे गंमत कळेल. असेंब्लीतल्या एकीला तीन दिवस पोटदुखी होती. जुलाब होत होते ते तिच्या धाकट्याला. पॅकिंगमधल्या दुसरीला अशक्तपणा आला तो नेमका सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी. तिला म्हटलं, अगं, खरं लिही की. तर म्हणाली, "मॅडम, घरचं लिहिलं की साहेब म्हणतात, हिचं सगळं लक्ष घरात. माझंच दुखतंय म्हटलं की काही बोलत नाहीत."

त्याच आठवड्यात एका मशीनवरच्या गड्याने लिहिलं, 'मुलाच्या शाळेत पालकसभा'. साहेबांनी चारचौघांत त्याचं कौतुक केलं. बापाने मुलाचं नाव काढलं की तो जबाबदार, आईने काढलं की ती बेभरवशाची! म्हणून बाई मुलाचा ताप स्वतःच्या अंगावर घेते. आणि याची पुढची पायरी तर फारच विनोदी. वर्षाअखेरी हेच सगळे ताप मोजून मीटिंगमध्ये म्हटलं जातं, "बायका फार आजारी पडतात बुवा." कायम कोणाला करायचं, पगारवाढ कोणाला किती, हे ठरताना हे वाक्य टेबलावर असतं. तिथे मला हसू येत नाही.

हा युक्तिवाद जुनाच आहे. मुंबईच्या एका औषध कंपनीत, पॅकिंगच्याच कामाला, असा नियम होता की अविवाहित मुलीने लग्न केलं की तिची नोकरी संपली. कारण काय, तर कुमारिका आणि विधवांपेक्षा लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. युनियन सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६५ साली कोर्टाने तो नियम रद्द केला. फरक पडला तर बाळंतपणाच्या रजेपुरता पडेल, त्यासाठी चार बायका जास्तीच्या ठेवा, असं कोर्टाने सुचवलं. किती साधा उपाय! त्याला साठ वर्षं उलटून गेली, पण राखीव माणसं ठेवायची म्हटलं की आमच्या साहेबांना अजून खर्च आठवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : सी.एल.च्या अर्जातला 'कारण' हा रकाना काढून टाका. आजारपणाच्या रजेला डॉक्टरचा दाखला लागतो, तो लागू दे. पण सी.एल. ठरलेल्या दिवसांची आहे, हक्काची आहे. ती कशासाठी घेतली याची चौकशी कशाला? आगाऊ कळवायचं असेल तर तारीख पुरे. लोक गैरफायदा घेतील म्हणता? आजी तीनदा वारून झाली की हो. आणखी काय व्हायचं राहिलं?

तुमच्यापैकी कितीतरीजणी कारखान्यांच्या, ऑफिसांच्या तक्रार समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती सक्तीची केली, म्हणून तर तुम्हाला गेटच्या आत घ्यावं लागतं. आम्ही तुम्हाला चहा-समोसा देतो आणि भिंतीवरचा फलक दाखवतो. रजा हा समितीचा विषय नव्हे, मान्य. पण चहा पिता पिता बायकांना विचारा तर खरं, की घरचं आजारपण असलं तर अर्जात काय लिहिता. उत्तर द्यायच्या आधी त्या सुपरवायझर जवळपास आहे का ते बघतील.

रकाना काढण्याचं टिपण मी वर पाठवलं आहे. पहिला विरोध साहेबांकडून येईल असं वाटलं होतं, आला युनियनच्या दादांकडून. "मॅडम, कारणच राहिलं नाही, तर रजा मंजूर करून द्यायला आमच्याकडे कोण येणार?" त्यांना समजावणं चालू आहे. साहेबांनी टिपणावर लिहिलंय, 'कारण स्पष्ट करावे.'